मोठ्यानं म्हण

माझा आवाज पहिल्यापासून मोठा. लग्न होऊन राहू गावात आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "नीलम, शिरूरच्या आठवडे बाजारात जन्मलीस का गं?" मी तेव्हा नवी नवरी म्हणून गप्प बसले. पुढे ती कसर भरून काढली. माझी लेक मोनाली, तिच्या पप्पांना तर कंपनीतल्या मशिनींची सवय, त्यामुळे त्यांना माझ्या बोलण्याचं काही वाटत नाही.

पण मागच्या दिवाळीपासून उसात बिबट्या फिरायला लागला आणि आमच्या अख्ख्या वस्तीलाच मोठ्यानं बोलायची सवय लागली. घरं चार आणि ऊस चहूकडून, पार ओट्याला टेकलेला. शेजारच्या तात्याबांची शेळी संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. ते दावं धरून उभे होते, दावं हातात राहिलं. तेव्हापासून कुणी मुकाट्यानं शेतात जात नाही. कुणी मोबाईलवर गाणी लावतं, कुणी खोकत जातं, कुणी डबा बडवतं. रिक्षातून पुकारा करणारा वनखात्याचा माणूसही तेच सांगून गेला. एकट्यानं फिरू नका, वाकून काम करू नका, आवाज करत राहा.

"माणूस हुबा असला की त्येला मोठा दिसतो," आमचे आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे सासरे, मच्छिंद्र आबा. "वाकला की शेळीएवढा दिसतो. तवा वाकू नगा."

बोलायला सोपं आहे. गाईंचा घास वाकल्याशिवाय कसा कापायचा? दारात दोन जर्शी गाई. त्यांना बिबट्या आलाय म्हणून भूक लागायची राहत नाही. मोनालीचे पप्पा, सत्यजीत, रांजणगावच्या कंपनीत. कधी पहिली पाळी, कधी रात्रपाळी, घरी असले तर झोपलेले. आबांचे गुडघे गेलेले, सासूबाईंना नीट दिसत नाही. म्हणून मी विळा घेऊन घासाच्या वाफ्यात वाकायची आणि माझ्यामागे मोनाली उभी राहायची, उसाकडे तोंड करून. पाचवीतली पोर. हातात पुस्तक.

"मोठ्यानं म्हण," मी सांगायची.

ती म्हणायची. सतराचा पाढा, एकोणिसाचा पाढा, लसावि, मसावि, मराठीच्या उताऱ्यांवरचे प्रश्न, सगळं घसा ताणून. तिचा आवाज पाठीवर येत असला की माझा विळा चालायचा. जरा पान उलटायला थांबली की विळा थांबायचा. मी वळून न बघताच ओरडायची, "मोना!" आणि तिकडून लगेच यायचं, "सतरा साते एकशे एकोणीस!"

हा अभ्यास नवोदय या सरकारी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा. पाचवीत असताना एकदाच परीक्षा देता येते, पुन्हा नाही. पास झाली तर सहावीपासून शिरूर तालुक्यातल्या त्या शाळेत, राहायला तिथंच. वस्तीवरचे सगळे म्हणायचे, नीलमला पोरगी कलेक्टर करायचीय. करू देत की, माझी ना नाही. पण खरं सांगायचं तर मला त्या शाळेचं गणितही नको होतं आणि इंग्रजीही नको होतं. माहेरी जाताना एकदा मी ती शाळा बाहेरून पाहिली होती. मला तिची भिंत हवी होती. चांगली उंच, चहूबाजूंनी. तिच्या आत माझी पोर झोपेल आणि मी इथं काय व्हायचं ते होवो, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मोनालीलाही मी तेच सांगायची. "न्हाई लागला नंबर तर हितंच ऱ्हा मग. उसात." असं लेकराला बोलू नये हे मला कळतं. पण भीती वाटायला लागली की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो, तो मग कुणाचं ऐकत नाही.

परीक्षा तोंडावर आली तेव्हा शाळेतून लोणकर मॅडमनी मला बोलावून घेतलं. वर्गात पोरं सराव पेपर सोडवत होती. मॅडम मला दारात उभं करून म्हणाल्या, "जरा बघा."

माझी मोनाली शेवटच्या बाकावर. आधी पुटपुटत होती, मग मोठ्यानं म्हणायला लागली. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. ती गप्प झाली आणि तिचा पेन थांबला. नुसता थांबला नाही, तिनं तो खाली ठेवला. मग मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत आणि नकाशा. पुन्हा पेपरकडे वळली, पुन्हा मागे पाहिलं. अख्ख्या वेळात उत्तरपत्रिकेतला एक गोळा काळा केला नाही.

"येतं तिला सगळं," मॅडम म्हणाल्या. "तोंडी विचारलं तर माझ्याआधी उत्तर देते. पण गप्प बसली की हे असं. ताई, परीक्षेत दोन तास तोंड उघडता येत नाही. सुपरवायझर उठवतील तिला. घरी अभ्यास कसा करते ही?"

"मोठ्यानं," मी म्हणाले. माझाच आवाज मला ऐकू आला नाही.

वाटेत मोनालीचा हात धरून विचारलं, "गप बसल्यावर तुला हुतं तरी काय?"

"ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"कायच न्हाई. त्येच," ती म्हणाली. "आपण गप झालो म्हंजी त्यो येनार. मग म्या आधी मागं बघती."

ज्या आवाजानं मी पोरीला आणि स्वतःला जपत होते, त्या आवाजाशिवाय तिला आता दोन आणि दोन किती हेसुद्धा सुचत नव्हतं. आणि परीक्षा काही आमच्या घासाच्या वाफ्यात होणार नव्हती.

घरात सगळ्यांनी आपापली अक्कल चालवली. सासूबाईंनी तिच्या तोंडात खडीसाखर ठेवली. तोंड भरलेलं असलं की बोलणार कशी? मोनालीनं खडीसाखर कडाकड चावली आणि पाढा चालू केला. पेपर एकही सुटला नाही, डबा मात्र रिकामा झाला. आबा म्हणाले, दार लावून आत बसवा. दार लावलं तर ती कडीकडे बघत बसली. मी एकदा चिडून पाठीत धपाटाही घातला. ती रडली नाही. "आता मागं कुनीतरी हाय," म्हणाली आणि पटकन एक गणित सोडवलं. धपाटा घातलेला हात मग मी कितीतरी वेळ पदराखाली धरून बसले होते.

त्यावरूनच मला सुचलं. दुसऱ्या दिवशी मी तिला ओट्यावर बसवलं, पाठ उसाकडे, पुढ्यात सराव पेपर. स्वतः तिच्यामागे उभी राहिले. "तू गप बसायचं," म्हटलं. "आज बोलायचं काम माझं."

आणि मी बोलायला लागले. पाढे मला तेवढे येत नाहीत, म्हणून जे तोंडाला येईल ते. बिबट्याला शिव्या दिल्या, त्याच्या आईबापांचा उद्धार केला. दूध डेअरीवाल्याला दिल्या, घासाचं बी खोटं देणाऱ्याला दिल्या. लग्नात मला कमी मान देणाऱ्या नणंदेलाही सोडलं नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "म्या ऐकतीय बरं का." मी थांबले नाही. पुढ्यात मोनाली तोंड मिटून, मान खाली घालून गोळे काळे करत होती. पेपर संपला, मॅडमनी तपासला. चारच चुका.

पण मग मी गप्प राहून पाहिलं आणि तिचा पेन पुन्हा थांबला. आवाज हवाच होता. तिचा नाहीतर माझा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचे केस विंचरत होते. आरशात माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "मम्मी, तिथं तू माझ्यामागं हुबी ऱ्हाशील?"

"आत न्हाई सोडत गं कुनाला."

तिच्या मानेवरची शीर थडथड उडताना मला दिसली.

"पर फाटकापाशीच असनार म्या," मी म्हणाले. "भाएरून बोलत ऱ्हाईन. तुला आवाज यील. मग झालं?"

"नक्की यील?"

"माझा आवाज हाय त्यो. न यिऊन जातो कुठं?"

ती हसली. मी वेणीला गाठ मारली. शाळेच्या फाटकापाशी उभं राहून मी बोलणार काय आणि मला बोलू कोण देणार?

सकाळी धुकं होतं. सत्यजीत रात्रपाळी करून कंपनीच्या बसनं आले, चहा घेतला आणि तशाच तांबड्या डोळ्यांनी गाडीला किक मारली. मध्ये मोनाली, मागे मी. उसातली वाट संपेपर्यंत त्यांनी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही आणि आम्ही मायलेकींनी पाढे म्हणायचे थांबवले नाहीत. समोरचं काही दिसत नव्हतं. दोन्हीकडचा ऊस दव पडून टपटपत होता आणि प्रत्येक टपटपीला मी मोनालीला पोटाशी ओढत होते. डांबरी लागली तेव्हा कुठे श्वास सुटला.

केंद्र केडगावला एका शाळेत होतं. तिथं भिंत होती, फाटक होतं, शिपाई होता आणि फाटकावर पाटी होती, "शांतता राखा". मला त्या पाटीचा असा राग आला की काय सांगू. एक बरं झालं, मोनालीची खोली रस्त्याच्या बाजूला होती, खालीच. खिडकी उघडी होती. आत जाताना तिनं तीनदा मागे वळून पाहिलं. मी हात हलवला आणि ओरडले, "हाय म्या हितंच!" शिपायानं लगेच माझ्याकडे पाहिलं.

घंटा झाली. सत्यजीत गाडीवरच आडवे होऊन झोपले. बाहेर शंभरेक आईबाप आणि सगळे गप्प. कुणी माळ ओढतंय, कुणी नुसतंच भिंतीकडे बघतंय. इतकी शांतता मी आमच्या वस्तीवर कधी होऊच दिली नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे खाली ठेवलेला पेन आणि वळलेली मान. एवढ्या दिवसांची घोकंपट्टी, ती भिंत, सगळं त्या गप्पपणात चाललं होतं.

तेवढ्यात रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या आणि वर लावलेले स्पीकर. ड्रायव्हरनं असं गाणं लावलं होतं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आईबापांनी कपाळावर हात मारला. मी मात्र मनातल्या मनात त्या ड्रायव्हरची दृष्ट काढली. लिही माझ्या बाई, लिही पटापट, आवाज आहे तोवर लिही. त्याच्यामागे दुसरा ट्रॅक्टर, मग तिसरा. कारखान्याचा सीझन जोरात होता. असेच दोन तास येत राहिले तर माझं काम झालं होतं.

पण पांढऱ्या शर्टातला एक माणूस उठला आणि थेट रस्त्यावर जाऊन उभा राहिला. "टेप बंद कर!" त्यानं पुढच्या ट्रॅक्टरला हात केला. "पोरांची परीक्षा चाललीय, कळत न्हाई का?" ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. माणूस तिथंच थांबला आणि येईल त्या ट्रॅक्टरला ओठांवर बोट ठेवून दाखवायला लागला. सगळ्यांना त्याचं कौतुक वाटलं. त्याचं बरोबरच होतं, त्याचंही लेकरू आत होतं.

ट्रॅक्टर मुक्यानं जायला लागले. मी खिडकीकडे पाहिलं. आत काही दिसत नव्हतं. पण मला माहीत होतं. आत्ता ती मागे बघत असणार.

मी उठले आणि त्या माणसासमोर जाऊन उभी राहिले.

"ओ दादा," मी म्हणाले, वस्तीवरच्या आवाजात. "रस्ता काय तुमच्या मालकीचा हाय व्हय?"

तो दचकला. "ताई, हळू. पेपर चाललाय."

"का म्हनून हळू? गाडीवाल्याला अडवनारे तुम्ही कोन? फौजदार हाय का तुम्ही?"

"अवो ताई, तुमच्याच पोरांसाठी करतोय ना?"

"माझ्या पोरीचं तुम्हाला काय ठावं? माझी पोरगी आमच्या शाळेत पयली हाय! तिला सतराचा पाढा येतो, एकोनिसाचा येतो! तिच्या मागं तिची आय हुबी हाय, कळलं का? हितंच हुबी हाय!"

तो बिचारा हात जोडायला लागला. मी त्याला सोडलं नाही. त्याच्या शर्टावरून बोलले, मिशीवरून बोलले, त्याच्या गावावरून बोलले. गाव कुठलं तेही मला माहीत नव्हतं. लोक गोळा झाले. एक बाई माझा दंड धरून म्हणाली, "बाई, आमचीबी लेकरं आत हायत गं." तिच्या हातात पोरीचं स्वेटर होतं, छातीशी धरलेलं. ते बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी थांबले नाही. मी शब्द दिला होता.

शेवटी शिपाई आला, त्याच्याबरोबर बंदोबस्ताचा पोलीस. "चला ताई, पार चौकापर्यंत," पोलीस म्हणाला. मी जाताजाताही मागे वळून ओरडत होते. गडबडीनं सत्यजीत जागे झाले आणि धावत माझ्यामागे आले.

"काय झालं?"

"भांडन."

"कुनासंगं?"

"सगळ्यांसंगं."

त्यांनी चौकातल्या टपरीवरून पाण्याची बाटली आणून माझ्या हातात दिली. तिथून शाळेची भिंत तेवढी दिसत होती. माझा आवाज तिथपर्यंत पोहोचणार नव्हता आणि आता घसाही बसला होता. अजून निम्म्याहून जास्त वेळ जायचा होता. ट्रॅक्टर आमच्यासमोरून जात होते आणि शाळेच्या अलीकडे गाणी बंद करत होते. मी टपरीच्या खांबाला धरून उभी राहिले. खाली बसायची माझी हिंमत होईना.

घंटा झाली तशी मी पळत सुटले. पोलीस बघत राहिला. पोरं बाहेर येत होती, कुणी हसत, कुणी रडत. पांढऱ्या शर्टाचा माणूस मला बघून बाजूला झाला. मोनाली सगळ्यांच्या शेवटी आली. तिच्या बोटांना शाई लागलेली. ते मी आधी पाहिलं.

"मम्मी, कुनाशी भांडत हुतीस?"

"आलं ऐकू?"

"सगळ्या वर्गाला आलं. पोरं हसाया लागली. पेपरवरच्या मॅडमनी खिडकीच लावली मग."

"खिडकी लावली?" माझा बसलेला घसा आणखीच बसला. "आन् मग? मग काय केलंस?"

"मग थोडा वेळ न्हाई सुचलं," ती म्हणाली. "मागं बघितलं. मागं एक पोरगा हुता, त्यो नाक वडत हुता. मग म्या डोळं मिटलं आन् तुला मनातच भांडाया लावलं. त्या दूध डेअरीवाल्यासंगं. तू लई वेळ भांडलीस. पेपर संपंस्तोवर."

"सगळा सोडीवला?"

"सगळा."

मी तिला तिथंच रस्त्यात घट्ट धरली. हसू येत होतं, रडू येत होतं आणि घशातून आवाज म्हणून येत नव्हता. स्वेटरवाली बाई लांबून आमच्याकडे बघत होती. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

घरी आलो, जेवलो, सत्यजीत झोपले. आबांनी शेजारी तात्याबांना ऐकू जाईल अशा आवाजात दोनदा विचारलं, "सगळा सोडवला न्हवं?" आणि चार वाजले, गाई हंबरायला लागल्या. मी विळा घेतला. मोनाली आपणहून माझ्यामागे आली. पुस्तक नव्हतं हातात, आता ते कशाला?

मी घासात वाकले. दोन मुठी कापल्या, तिसरीला विळा लावला आणि माझे हात थांबले. मागे काही नव्हतं. पाढा नाही, उतारा नाही, पायाचा आवाजसुद्धा नाही. नुसता ऊस सळसळत होता.

मी झटकन उठून वळले. मोनाली जागेवरच उभी होती, उसाकडे तोंड करून, ओठ मिटून, अगदी शांत.

"अगं म्हन की कायतरी!"

"म्हंतीय की," ती म्हणाली. "मनात."

तिच्या तोंडावर भीती नव्हती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. नंबर लागला तर पावसाळ्यात ती त्या भिंतीच्या आत असेल, दोन तास काय, दिवसभर गप्प बसून लिहील. आणि इथं, वाकल्यावर, माझ्या पाठीमागे हे असंच असेल. एवढ्या महिन्यांत मी तिची भीती रोज मोजली होती. माझी मी कधी तोंडावर येऊ दिली नव्हती. आबांपुढे नाही, सत्यजीतपुढे नाही, तिच्यापुढे तर नाहीच.

मी पुन्हा वाकून पाहिलं. विळा चालेना.

"मोना," मी म्हणाले. घसा बसलेला, आवाज कसाबसा निघाला. "मोठ्यानं म्हन गं. मला भ्या वाटतंय."

ती जवळ आली, माझ्या वाकलेल्या पाठीवर तिनं एक हात ठेवला, आणि उसाकडे बघून, घसा ताणून सुरुवात केली, "सतरा एके सतरा!"